हलगीवादक साक्षीदारांत

अर्जदार: कीबोर्डवादक, गिटारवादक, ड्रमवादक. साक्षीदार: हलगीवादक.

मी अर्ज लिहून देणारा; कळमनुरीच्या या मंडळींच्या जॅझ फ्युजन अल्बमच्या वेष्टनावरील मजकूरही मी अर्जासारखाच असा लिहिला होता. मजकुरावर सही करायला हलगीवादक हजर नव्हते; सहीशिवाय अर्जदार होत नाही, म्हणून त्यांना साक्षीदारांत घातले. छापील वेष्टन आणि हलगी घेऊन ते तहसीलसमोरच्या माझ्या टेबलापाशी आले.

“सायेब, समद्या गाण्यांत मी वाजवलं. मंग साक्षीदार काहून? मी काय नुसतं बघून राहिलो होतो?”

मी नियम सांगू लागताच त्यांनी हलगी टेबलावर आपटली.

“आता तुमीच वाजवा. मी साक्ष देतो.”

ते निघून गेले. मंडळींचा हिंगोलीचा कार्यक्रम दोन दिवसांवर होता. मी लगेच हलगीवादकांच्या नावे अर्ज लिहिला: चूक सर्वस्वी माझी आहे. वेष्टन नव्याने छापून वादकांत आपले नाव प्रथम घालू. सबब, आपण कार्यक्रमास वाजवणार किंवा कसे, याचे उत्तर उद्यापर्यंत मिळावे, ही नम्र विनंती.