जळिताचा शेरा

सुनीलचं वाटोळं करायचं म्हणून मी जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकले. कुणी नोकरीसाठी शिकतं, कुणाला पुण्याला पळायचं असतं. मला एका माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला फार गुणाची समजायला नको.

पण ही गोष्ट माझ्या वडिलांची, सूर्यभानची. आम्ही त्यांना दादा म्हणतो आणि आमच्याकडचे शेतकरी भाऊसाहेब. देवळाली प्रवराच्या अलीकडं साखर कारखान्याचं गट ऑफिस आहे, तिथं ते चोवीस हंगाम कारकून होते. कारखान्याचं नाव मी घेणार नाही. दोन खोल्या, पुढं लिंबाचं झाड, आत एक कॉम्प्युटर आणि एक जाडजूड तोडणी रजिस्टर. कुणाचा ऊस कोणत्या दिवशी तोडायचा याचा क्रम त्या रजिस्टरात. दादा सकाळी आठला सायकलवर जायचे, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. चहासुद्धा कुणा शेतकऱ्याच्या हातचा घ्यायचे नाहीत. "आज चहा, उद्या म्हनंल माजी पाळी पुढं घ्या," म्हणायचे. आई चिडायची, अहो निदान पाणी तरी प्या की लोकांचं! पण त्यांचा हेका तो हेका.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. उसाला आग लागली तर तो लगेच तोडावा लागतो, नाहीतर वाळून वजन जातं. म्हणून जळीत ऊस पाळी सोडून सगळ्यांच्या आधी. नोंद कारखान्याच्या वेबसाईटवर व्हायची, पण तोडणीचा मुकादम स्क्रीनवरच्या अक्षरावर टोळी हलवत नाही. त्याला शाई लागते. म्हणून गटाच्या कारकुनानं शेतकऱ्याचं पान उघडायचं, समोर शेरा दिसेल तो रजिस्टरात लाल पेनानं उतरवायचा आणि खाली सही ठोकायची. वेबसाईट आल्यापासून दादा हेच करत आले.

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. त्या जानेवारीत चार शेतकऱ्यांपुढं दादांनी 'जळीत' लिहिलं, टोळ्या गेल्या, बघतात तर ऊस हिरवागार उभा. तोडूनही टाकला. ज्यांची खरी पाळी होती त्यांच्या उसाला तुरे येऊन वजन घटलं. ते चवताळले, आणि चवताळणारच की. त्या चारातला एक निघाला आईचा चुलतभाऊ. झालं! गावाला आणखी काय पाहिजे?

कारखान्याचे एक संचालक आप्पासाहेब, त्यांनी चौकशी लावली. वेबसाईट बनवणारा सुनील नगरहून आला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्यानं सगळ्यांसमोर ती चारही पानं उघडली. एकावरही 'जळीत' नव्हतं. रजिस्टरात मात्र लाल अक्षरांत, दादांच्या वळणात, दादांच्या सहीनिशी.

दादा म्हणाले, "सायेब, त्या दिशी पानावर हुतं. म्या डोळ्यानं पाह्यलं."

सुनील हसला. मला ते हसू अजून दिसतं. म्हणाला, "भाऊसाहेब, कॉम्प्युटर स्वतःच्या मनानं शेरा लिहीत नाही. माणूस लिहितो."

दादांना कामावरून काढलं. चौकशीच्या कागदावर 'नातेवाईकांना लाभ' असे शब्द आले. त्यानंतर चौकात कुणीही उठायचं आणि विचारायचं, "काय भाऊसाहेब, आज कुनाचा ऊस पेटवला?" दादांनी चौकातून जाणंच सोडलं. दूध आणायलासुद्धा ते ओढ्याच्या बाजूनं, मैलभर लांबून जायला लागले. माझा बाप, ज्यानं कधी कुणाचा चहा घेतला नाही, तो चोरासारखा बांधाबांधानं दूध आणायचा! माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. तेव्हाच ठरवलं, या सुनीलला सोडायचं नाही.

दोन वर्षांनी नगरला सावेडीत त्याच्याच कंपनीत अर्ज केला. नऊ माणसांची कंपनी. मुलाखत त्यानंच घेतली. माझ्या अर्जावर माझं नाव, त्यापुढं बापाचं नाव, सगळं स्वच्छ लिहिलेलं. त्यानं मोठ्यानं वाचलं, 'ज्ञानेश्वरी सूर्यभान', आणि विचारलं, "राहुरीकडच्या का तुम्ही?" बस्स. त्याला काही आठवलंच नाही. ज्याचं आयुष्य मातीत घातलं त्याचं नावसुद्धा या माणसाच्या ध्यानात नव्हतं! मी गोड हसले आणि म्हणाले, "हो सर."

आठ महिने मी त्याच्या हाताखाली गरीब गाय होऊन राहिले. डबा खाताना त्याच्या विनोदांना हसले. आणि कारखान्याची वेबसाईट दुरुस्तीला माझ्याकडं आली त्या दिवसापासून एकेक ओळ वाचत गेले. सोळा डिसेंबरला, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सापडलं.

सोपं करून सांगते. त्या पानांवर सुनीलनं स्वतःचा एक टॅग बनवून वापरला होता. पानात एका ठिकाणी तो टॅग लिहायचा, मागं जावाचा कोड चालतो आणि तिथं त्या शेतकऱ्याचा शेरा उमटतो. आता सर्व्हर काही दर वेळी नवा टॅग घडवत बसत नाही. एकाचं काम झालं की तोच टॅग बाजूला ठेवतो आणि पुढच्याला तोच परत देतो. चहाच्या टपरीवर ग्लास विसळून पुढच्या गिऱ्हाइकाला देतात, तसंच. पण इथं विसळायचं काम सर्व्हरचं नसतं, ज्यानं टॅग लिहिला त्याचं असतं. आधीच्या माणसाचं जे काही आत राहिलं असेल ते प्रत्येक वेळी पुसून टाकायचं.

सुनीलनं पुसायची ओळ लिहिली होती, पण चुकीच्या जागी. 'रिलीज' नावाच्या भागात. त्याला वाटलं, प्रत्येक वापरानंतर सर्व्हर 'रिलीज' चालवतो. तसं नसतं. टॅग कायमचा मोडीत काढायचा तेव्हाच तो चालतो. म्हणजे कुणी खऱ्या जळीत उसाचं पान उघडलं की टॅगच्या आत 'जळीत' बसायचं ते बसायचंच. पुढचं पान कुणाचंही असो, त्याचा स्वतःचा शेरा कोरा असला आणि तोच टॅग हाती आला की त्याच्यावरही 'जळीत'. आणि सर्व्हर बंद करून चालू केला की सगळं स्वच्छ. चौकशीच्या सकाळी यानं सर्व्हर बंद-चालू करूनच पानं उघडली होती, सर्व्हरच्या जुन्या नोंदींत ती वेळ होती. दादांनी पाहिलं ते खरं होतं. अक्षर न अक्षर खरं होतं.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन परत आले, आणखी खोदलं, आणि जे मिळालं त्यानं माझं रडणं कुठल्या कुठं गेलं. चौकशीनंतर आठच दिवसांनी सुनीलनं एक छोटा प्रोग्रॅम टाकला होता, रोज सकाळी सातला सर्व्हर बंद-चालू करणारा. वर त्यानंच टीप लिहून ठेवलेली: जळीत शेरा पुढच्या पानाला चिकटतो, म्हणून. म्हणजे त्याला कळलं होतं! आठ दिवसांत कळलं होतं, आणि हा बाबा गप्प बसला. रोज सातला सगळं स्वच्छ व्हायचं, पण दिवसात पहिलं खरं जळीत पान उघडलं की पुन्हा तेच सुरू.

दुरुस्ती म्हणाल तर एका ओळीची. पुसायची ओळ उचलायची आणि टॅगचं काम जिथं संपतं तिथं ठेवायची. दोन मिनिटांत झालं असतं.

मी केली नाही. चूक गुपचूप सुधारली असती तर सुनील सुटला असता, आणि दादांवरचा डाग तसाच राहिला असता. मला ती चूक जिवंत पाहिजे होती, आप्पासाहेबांच्या डोळ्यांसमोर. सहा जानेवारीला कारखान्यावर मोबाईलची नवी पानं दाखवायची बैठक ठरलेली होती. मी म्हटलं, थांबायचं. एवढी वर्षं थांबलो, आणखी तीन आठवडे.

अठ्ठावीस डिसेंबरला सोनईकडच्या गटात श्रीमंत नावाच्या कारकुनाला निलंबित केलं. कारण तेच, हिरव्या उसापुढं लाल अक्षरांत 'जळीत'. ऑफिसात सुनीलनं फोन घेतला, "रजिस्टर तपासा, आमच्याकडं काही नाही," म्हणाला आणि ठेवून दिला. मी पलीकडच्या टेबलावर होते. मनात म्हटलं, आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न आहे, सुटेल तोही. आणि खरं सांगू? मला बरंच वाटलं. सुनीलच्या पापात आणखी एकाची भर पडली म्हणून बरं वाटलं.

सहा तारखेला बैठकीत मी उभी राहिले. समोर आप्पासाहेब, शेतकी अधिकारी, बाजूला सुनील पाय पसरून बसलेला. मी एक खऱ्या जळिताचं पान उघडलं, मोठ्या पडद्यावर 'जळीत' दिसलं. मग दुसरं पान उघडलं आणि विचारलं, "आप्पासाहेब, तुमचा ऊस कधी पेटला?"

"माजा? येडी का काय पोरी? आत्ता पानी देऊन आलोय त्याला."

"मग हे बघा." पडद्यावर त्यांचं नाव, त्यांचा गट नंबर आणि पुढं 'जळीत'. मी शेतकी अधिकाऱ्यांचं पान उघडलं, जळीत. त्यांच्या मेव्हण्याचं उघडलं, जळीत. सुनीलचे पाय खुर्चीखाली गेले. मी त्याची ती सकाळी सातची टीप पडद्यावर लावली, तारखेसकट, आणि त्यालाच वाचायला सांगितली. तो गळ्यातलं ओळखपत्र चाचपत बसला. म्हटलं, "सर, मी सूर्यभानची मुलगी. आता आठवलं का?"

काय सांगू कसं वाटलं ते! लई दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

आप्पासाहेब आतल्या आत मिटवायला बघत होते. म्हणाले, पत्र देतो, भाऊसाहेबांना मानानं परत घेतो. मी म्हटलं, तसं नाही. बेअब्रू चारचौघांत झाली, माफीही तिथंच. गट ऑफिसपुढं, शेतकरी आणि मुकादमांसमोर सुनीलनं स्वतः वाचायचं. पत्राचा मजकूर मी लिहिला. सुनील बाहेर व्हरांड्यात माझ्यापुढं हात जोडून म्हणाला, "ज्ञानेश्वरी, माझी लेक त्याच भागात शाळेला आहे." मी म्हटलं, "मीही कुणाची तरी लेकच होते." मला दया आली नाही. आजही येत नाही.

नऊ तारखेला सकाळी लिंबाखाली शंभरेक माणूस जमलं. दादा यायला तयार नव्हते. "झालं गेलं, कशाला तमाशा?" म्हणत होते. मी हाताला धरून आणलं, चौकातून आणलं. सुनील वाचायला लागला, तोंडातल्या तोंडात. मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं वाच की, तवा लई हसत हुतास!" लोक हसले. मीही हसले. पत्रात होतं, सूर्यभान यांनी लिहिलेले शेरे पानावर दिसत होते तसेच होते, चूक माझ्या टॅगची होती, मला ती आठ दिवसांत कळली आणि मी लपवली. एकेक शब्द त्याच्या घशातून ओढून काढल्यासारखा बाहेर येत होता. चार म्हातारे पुढं होऊन दादांच्या पाया पडायला लागले. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात गर्दीतून एक माणूस पुढं आला. हातात हेल्मेट, दाढी वाढलेली. "भाऊसाहेब, म्या श्रीमंत. सोनईचा. त्यात माजं नाव हाय का?"

नव्हतं. मजकूर मी लिहिला होता, आणि मला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

"मला अठ्ठावीस तारखेला काढलं," तो म्हणाला. "मालकीण माह्यारी निघून गेली. म्हनली, चोराच्या घरात ऱ्हानार न्हाई."

दादांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ज्ञाने, तुला ही चूक कदी घावली?"

खोटं बोलता आलं असतं. शंभर माणूस माझ्याच बाजूनं होतं. पण समोर दादा होते.

"सोळा डिसेंबरला."

"मंग थांबलीस कशापायी?"

माझी नजर सुनीलच्या हातातल्या कागदाकडं गेली. त्यांना कळलं. श्रीमंतलाही कळलं. त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं, पण तो नुसता हेल्मेटकडं बघत राहिला.

दादांनी सुनीलच्या हातातला कागद घेतला, ओट्यावर ठेवला आणि खिशातलं पेन काढून त्याच्यापुढं धरलं. "लिवा सायेब. श्रीमंतचं नाव आदी घाला, वर. आन् खाली लिवा, ज्ञानेश्वरीला ठाऊक हुतं, तिनंबी लपवलं."

"दादा, मी तुमच्यासाठीच..."

"सही कर."

मी सही केली, सुनीलच्या सहीखाली. मग दादा म्हणाले, "आता पयल्यापासून वाचा."

सुनीलनं पुन्हा वाचायला सुरुवात केली. या वेळी त्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता, कुणाला मोठ्यानं वाच म्हणायची वेळ आली नाही. माझं नाव आलं तेव्हा तो जरा थांबला आणि माझ्याकडं बघून त्यानं ते सावकाश वाचलं. दादा खाली मान घालून ऐकत होते.