अळ्यायची कावीळ

हसायचं त हसा, पन आधी पुरं आयकून घ्या. रेशमाची उभी बॅच मी सोताच्या हातानं खड्ड्यात घालाले निघाली होती!

आमचा तांडा महागावजवळ. दोन एकर तुती हाय, न शेतातच अळ्यायचं शेड. पयली बॅच झकास निघाली, कोश पांढरेफेक. मले वाटलं, आता आपल्याले सारंच समजते!

दुसऱ्या बॅचच्या अळ्या मोठ्या झाल्या. सकाळी पाला टाकाले गेली न पाह्यते त काय? अळ्यायचे पाय पिवळे! एकीचे नाही, दोघीचे नाही, पुऱ्या रॅकचे! कोनं हळद फासल्यावानी.

मी म्हनलं, कावीळच हाय बाप्पा! काहून का, मागच्याच महिन्यात आमच्या मालकाले कावीळ झालती. न तुतीचा पाला कोन कापून राह्यलं होतं? हेच!

"आवो, शेडात पाय ठेवू नका!" मी दारातूनच ओरडली.

"काहून व? का झालं?"

"तुमची कावीळ अळ्यायले लागली!"

"माणसाची कावीळ अळीले लागते काय?"

"मंग पाय कायले पिवळे झाले? तुमीच हात लावला म्हून!"

बिचारा माणूस लिंबाखाली जाऊन बसला. जेवनाचं ताटबी मी दुरूनच सरकवलं.

सरकारी रेशीम ऑफिसातल्या मॅडमले फोन लावला. उचलेच ना! ट्रेनिंगमंदी सांगतलं होतं, रोगट अळी दिसली का लगेच चुन्यात गाडा, नाहीतर पुरं शेड जाते.  मंग थांबता येते काय? खड्डा खंदला. डोळे पुसत पयला ट्रे ओतला, वरून चुना टाकला. दुसरा ट्रे उचलला, तेवढ्यात मांगून आवाज आला,

"अहो ताई, थांबा! काय करताय?"

मॅडम! माहे मिस्ड कॉल पाहून थेट शेतातच आल्या होत्या.

"मॅडम, कावीळ!"

त्यायनं एक अळी घेतली, पायाले सुई टोचली. थेंब निघाला. स्वच्छ, पिवळा, जवसाच्या तेलावानी.

"रोग असता तर दुधासारखं गढूळ निघालं असतं," त्या म्हणाल्या. "ही पिवळ्या कोशाची जात आहे. तुतीच्या हिरव्या पानात पिवळा रंगही असतो. या अळ्या तो आतड्यातून रक्तात घेतात आणि रक्तातून रेशमाच्या ग्रंथीत नेतात. म्हणून पाय पिवळे. पांढऱ्या जातीच्या अळ्या तोच पाला खातात, पण रंग रक्तात घेत नाहीत. अळ्या देताना सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

सांगतलं होतं ना! मी तवा नुसती मान हालवून राह्यली होती.

उरलेल्या अळ्यायनं कोश केले, झेंडूवानी पिवळे. सारा तांडा पाहाले आला. मालकानं त्यातला एक कोश उचलला, उन्हात धरला न साऱ्यायच्या समोर मले म्हने,

"पाल्यातून पोटात, पोटातून रक्तात, रक्तातून कोशात. रंगाचा रस्ता त मॅडमनं सांगतला. पन माही कावीळ तुह्या डोक्यात कोन्या रस्त्यानं शिरली, थे इचारलं काय त्यायले?"