पाठीवरची माती

कुस्तीत हरलेल्याच्या पाठीला लागलेली माती जिंकणाऱ्यानं स्वतःच्या हातानं झाडायची, अशी आमच्या गावची जुनी रीत आहे. नदीपलीकडच्या गावाशी मात्र पाण्यावरून पिढ्यांचं वाकडं आहे. त्यांच्या पैलवानाच्या पाठीला आमच्यातलं कुणी हात लावत नसे.

परवा नववीच्या वर्गात मी एका परदेशी नेत्याचं युद्धकाळातलं भाषण वाचून दाखवलं. देश दुभंगून भाऊ भावावर उठला होता, याची बाजू जिंकत आली होती, तरी भाषणात फुशारकीचा शब्द नव्हता. दोन्हीकडच्या विधवा आणि पोरकी लेकरं आपलीच माना, असं तो सांगत होता.

"जिंकल्यावर एवढं नमतं कशाला घ्यायचं, सर?" तालमीत जाणाऱ्या वैशालीनं विचारलं. मी तोच परिच्छेद पुन्हा वाचून दाखवला.

रविवारी जत्रेच्या मैदानात तिनं नदीपलीकडच्या मुलीला चितपट केलं. आमची माणसं हलगीवर नाचू लागली. फेटा घेऊन उभ्या असलेल्या सरपंचांना तसंच ठेवून वैशाली मागे वळली आणि त्या मुलीची पाठ सावकाश झाडू लागली. हलगी थांबली. त्या नेत्यानं तांबडी माती कधी पाहिली नसेल, पण त्याला हवं होतं ते हेच असावं. एरवी मी मास्तरकीचा तोरा मिरवत नाही. त्या दिवशी मात्र शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "माझ्या वर्गातली आहे."

नंतर मी तिला त्या भाषणाची आठवण करून दिली. केसांतली माती झटकत ती म्हणाली, "सर, पाठीवरची माती आपली आपल्याला झाडता येत नाही."