ओहितोचा शंभरावा माणूस

"ज्याला खायचंय, त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं. लाल की हिरवी?"

हे दोन्या ओतिलिया अर्चुलेतांचं वाक्य; दोन्या म्हणजे आमच्याकडे मानानं 'बाई'. चर्चच्या जेवणात मिरचीच्या रश्शाच्या दोन पातेल्यांमागे त्या पंचवीस वर्षं उभ्या राहिल्या, पण नवऱ्याचं बायकोनं आणि लेकाचं आईनं सांगितलेलं त्यांनी कधी चालवून घेतलं नाही. ज्याचं ताट, त्याचं तोंड. पुढे आमच्या न्यू मेक्सिको राज्यानं हाच प्रश्न आपला म्हणून जाहीर केला. राज्यांना झेंडा असतो, फूल असतं. आमच्या राज्याला प्रश्नही आहे. दोन्या ओतिलियांना त्याचं कौतुक नव्हतं. आपलंच पातेलं कुणीतरी न विचारता उचलून नेल्यासारखा चेहरा त्यांनी केला.

दोन हजार दहाच्या वसंतात शिरगणती आली. आमच्या ओहितो गावात घरांना नंबर नाहीत. सगळ्यांचं टपाल माझ्या कचेरीतल्या पितळी खणांत पडतं, आणि शिरगणतीचे कागद खणांत टाकायचे नाहीत, दारात द्यायचे, असा नियम. म्हणजे कुणीतरी दारोदार जायला हवं. दोन्या ओतिलियांनी हात वर करून शपथ घेतली आणि ते काम पत्करलं. गुडघ्यांमुळे त्यांना गाडी चालवणं जमत नसे, म्हणून दुपारी टपाल वाटून झालं की माझी गाडी त्यांची.

त्यांनी हे पत्करलं ते धाकट्या बहिणीसाठी. सिप्रियानाला साखरेचा आजार, टाचेला न भरणारी जखम. दर मंगळवारी परिचारिकेची गाडी येई आणि जखम धुऊन बांधून जाई. वरून निरोप आला होता, शंभर माणसांच्या खालच्या गावांना ही गाडी यापुढे नाही. दुसरा दवाखाना साठ मैलांवर, आणि सिप्रियानाला तर अंगणापर्यंत चालवत नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्या वैतागल्या. शिरगणतीच्या शिकवणीत मिळालेलं राज्याच्या माहितीचं पत्रक त्यांनी गाडीत मोठ्यानं वाचलं. राज्याचा पक्षी पाइसानो, जो उडण्यापेक्षा धावतो. तो आमच्या उंचीवर कधी फिरकलेला नाही. राज्याचं फूल युका, ते खालच्या रखरखीत माळावर. झाड पिन्योन, तेवढं आमच्यात आहे. राज्याची गोड वडीसुद्धा ठरलेली, बिस्कोचितो. वस्ती वीस लाखांवर. त्यांनी पत्रकाची घडी घालून ते खिडकीच्या फटीत खुपसलं, वारा येत होता म्हणून, आणि मला विचारलं, या वीस लाखांत ओहितो कुठं आहे ते दाखव.

दारोदार गेल्यावर तर कहरच. आमच्याकडे पोरगं शहरात गेलं तरी त्याची खोली मोडत नाहीत. पलंगावर पांघरूण, खुंटीवर टोपी, दारामागे बूट. त्यामुळे घरात कोण कोण राहतं असं विचारलं की आया सगळी नावं सांगत. डेन्वरला गेलेली, सैन्यात गेलेली. एका आजीनं तर वारलेल्या नवऱ्याचं नाव सांगितलं, कारण खुर्ची अजून त्याचीच होती. खोटं कुणीच बोलत नव्हतं, दोन्या ओतिलियांचा जीव त्यानंच मेटाकुटीला आला. खोटारड्याला झापता तरी येतं.

मग त्यांनी आपली जुनी रीत काढली. दारात उभं राहून प्रत्येक नावापुढे विचारायचं, लाल की हिरवी? आतून त्या माणसाचा आवाज आला तर लिहायचं. आईनं सांगितलं तर नाही. "आर्सेनियोला हिरवीच लागते," असं बेनेरांदा म्हणाली तेव्हा दोन्या ओतिलिया म्हणाल्या, "मग त्याला हाक मार." बेनेरांदाचा मुलगा अकरा वर्षं डेन्वरला होता. ती दारातच रडली, आणि यांनी पेन्सिलीला टोक काढत तिचं रडणं संपू दिलं.

तीन आठवडे झाले. शेवटच्या दुपारी टपाल कचेरीच्या बाकावर बसून त्यांनी बेरीज केली. शंभर. एक कमी नाही, एक जास्त नाही. त्या हसल्या, आणि मी तर त्यांना हसताना फारसं पाहिलेलंच नव्हतं.

बेनेरांदा टपाल न्यायला आली होती. तिनं शांतपणे विचारलं, "दोन्या, तुमच्या घरात किती लिहिलीत?"

दोन. त्या स्वतः आणि त्यांचा लेक ओनेसिमो. ओनेसिमो टेक्सासला तेलविहिरींवर गेला त्याला आठ वर्षं झाली होती. त्याचे बूट दारामागे होते, ते मी स्वतः पाहिले होते. माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि त्यांच्याही नाही. त्यांनी कागद पुन्हा पुढ्यात ओढला. मग खोडरबर मागितला. नव्व्याण्णव.

आता एकच दार उरलं होतं. तिथं त्या गेल्याच नव्हत्या.

तेलेस्फोरो हा सिप्रियानाचा नवरा. नऊ वर्षांपूर्वी तो गावच्या पाटाचा मुखिया होता. कोणाच्या शेताला कधी पाणी, ते तो ठरवी. एका कोरड्या वर्षी त्यानं पाळी नसताना बायकोच्या वाळणाऱ्या घेवड्याला पाणी सोडलं. दोन्या ओतिलियांनी सख्ख्या बहिणीचं शेत असूनही भर सभेत ते सांगितलं, आणि सगळ्यांनी मिळून पाट त्याच्याकडून काढून घेतला. त्यानं कुदळ तिथंच टाकली आणि गावाच्या वरच्या टोकाला, मेंढ्यांच्या खोपटात राहायला गेला. बोलावल्याशिवाय उतरणार नाही म्हणाला. कुणी बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कागद आणि रश्शाच्या दोन बरण्या, एक लाल, एक हिरवी, घेऊन गाडीत बसल्या. खोपटाच्या कुंपणाशी मी थांबलो. त्यांनी दार वाजवलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

आतून आवाज आला, "शंभराला एक कमी पडला वाटतं, मेहुणीबाई."

"पडला."

"पाट माझ्याकडून काढून घेतला, तेव्हा माणसं मोजली होतीस?"

"मोजली होती. सगळी तुझ्या विरुद्ध. मी पहिली."

कुत्रं गुरगुरलं. तो म्हणाला, "तूच म्हणतेस ना, ज्याला हवंय त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं? मग सांग. काय हवंय तुला?"

त्यांनी दोन्ही बरण्या काखेत सावरल्या. वितळत्या बर्फाचं पाणी खोपटामागून वाहत होतं.

"पाळी मोडलीस, ते चूकच होतं," त्या म्हणाल्या. "पण मी आधी घरी येऊन तुला बोलायला हवं होतं. सिप्रियानाचा पाय चिघळलाय. तू गावात हवा आहेस. मला हवा आहेस."

मग कडी निघाली.

"हिरवी," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "परिचारिका कुठल्या वारी येते?"

"मंगळवारी."

त्यांनी उंबऱ्यावर हिरवी बरणी ठेवली, गुडघ्यावर कागद धरून त्याचं नाव लिहिलं, आणि लाल बरणी काखेत मारून निघाल्या. मी गाडीचं दार उघडलं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी, चिखल चुकवत, पायीच उतरू लागल्या. मी कुंपणाशी उभा होतो, आणि तेलेस्फोरो उंबऱ्यावर, बरणी हातात घेऊन. वळणावर पिन्योनच्या झाडांआड त्या दिसेनाशा होईपर्यंत आम्ही दोघं पाहत होतो.