आर्णीचे नाखवा

आर्णीला समुद्र नाही, तरी आमच्या शेजारी एक नाखवा राहत. तरुणपणी ते कोकणात शिडाच्या होडीवर होते. आता गाद्या शिवत. नुसती बिडी पेटवायची असली तरी आधी बोट चाटून वर धरत आणि वारा कुठला ते सांगत.

"वादळात शीड ताणून धराचं नाही बाप्पा, ढिलं सोडाचं. नाही तं होडी उलटते."

"नाखवा, आज अरुणावतीत लाटा किती?" आम्ही गावच्या नदीकडे बोट दाखवून हसत विचारायचो.

माझ्या मुलीच्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांत, वादळ सुटलं. मंडपाचं कापड फुगलं, बांबू करकरू लागले. खाली बायका-पोरं बसलेली. आम्ही दहा जण दोरांना लोंबकळून कापड खाली ओढत होतो.

"काहून ताणून राह्यले? सोडा!" नाखवा ओरडले आणि कैचीनं त्यांनी एका बाजूचे दोर सटासट कापले. कापड झेंड्यासारखं फडफडू लागलं. पावसानं सगळं वऱ्हाड भिजलं, पण बांबू एकही पडला नाही.

व्याह्यांनी विचारलं, "हे कोण?"

"आमचे नाखवा," मी म्हणालो. तसं म्हणताना पहिल्यांदाच हसू आलं नाही.

ते आलं नंतर. नखशिखांत भिजलेले नाखवा बोट चाटून वर धरून उभे होते.