टिकलीचं दावं

सोनईहून घोडेगावकडे जाताना उसाच्या पट्ट्यात एक वस्ती लागते. तिथल्या दूध संकलन केंद्राचं शटर सकाळी सहाला वर जातं आणि वजनकाट्यामागच्या स्टुलावर मनकर्णा आत्या बसलेली दिसते. वय त्रेसष्ट, अंगानं काटक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कुणी कॅन काट्यावर ठेवला की ती आधी आकडा बघत नाही. माणसाच्या तोंडाकडे बघते आणि विचारते, "कशी हाय?"

हा प्रश्न गाईबद्दलचा असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"आत्या, कवातरी आमची बी चौकशी करत जा की," वस्तीवरचा काकासाहेब एकदा म्हणाला.

"तुला तोंड हाय की रे बाबा. आन् ते चालतं बी लई. तुला दुखलंखुपलं तर समद्या वस्तीला कळंल."

मनकर्णा या वस्तीची लेक. चोवीस वर्षांची असताना नवऱ्याचं घर सोडून ती परत आली आणि इथंच राहिली, म्हणून लहानथोर सगळ्यांची आत्या. नवऱ्याचं नाव पुंजाराम. त्याचा राग आधी दावणीला निघायचा आणि मग चुलीपाशी. एका पहाटे ती नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडली. तिनं करडाची मोठी केलेली काळी शेळी खुंट्यालाच राहिली. शेजारीपाजारी कुणी पाणी पाजेल, असं ती धरून चालली होती. पुंजारामानं कुणाला पाजू दिलं नाही. चैत्राचं ऊन होतं. चौथ्या दिवशी शेळी मेल्याचा निरोप आला.

तेव्हा बापाच्या ओट्यावर आठदहा बायका बसल्या होत्या. मनकर्णाचा डावा डोळा सुजून मिटला होता, पण त्याबद्दल एकीनंही विचारलं नव्हतं. शेळीचं ऐकून मात्र दोघींनी डोळ्यांना पदर लावला. मनकर्णाला त्यांचा भयंकर राग आला. तो ओसरायला बरीच वर्षं लागली, आणि ओसरला तेव्हा एक गोष्ट तिच्यापाशी राहिली. कुणाच्या घरी जाऊन तिथल्या बाईबद्दल विचारलं तर दार बंद होतं. गाईबद्दल विचारलं तर बसायला पोतं अंथरतात आणि तांब्याभर पाणी आणून देतात. शेळी आपण मागं ठेवली ही बोच मात्र तिला अजून आहे.

दिपाली तीन वर्षांपूर्वी वाल्मिकची बायको होऊन वस्तीवर आली. बापानं आंदण दिलेली एक तांबडी कालवड तिच्याबरोबर आली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकली. पुढं टिकली व्यायली आणि दिपाली सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन केंद्रावर येऊ लागली. एका वेळेला आठ लिटर ठरलेले. या फाल्गुनात मात्र आकडा हलायला लागला. आठ, आठ, मग एकदम तीन. दोन दिवसांनी पुन्हा आठ.

आजारी गाईचं असं होत नाही. आजारात दूध हळूहळू उतरतं. एकदम उतरतं ते गाय घाबरली की. मग ती पान्हा चोरते, आणि पुढं कितीही आंबोण ठेवलं तरी दूध सोडत नाही.

"कशी हाय?" आत्यानं विचारलं.

"बरी हाय."

"तीन लिटर बरी?"

दिपाली रिकाम्या कॅनकडे वळली. अंगाची लाही होत असताना तिनं पुऱ्या बाह्यांचं पोलकं घातलं होतं. कॅन उचलताना बाही मागं सरकली आणि तिनं ती चटकन ओढून घेतली. आत्यानं पाहिलं, पण पाहिल्याचं दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर तिनं कॅन धुता धुता सहज विचारलं, "टिकलीला कशानं मारतो गं?"

"पाईपानं," दिपाली म्हणाली, आणि तिनंच आपल्या तोंडावर हात ठेवला.

"बापाला सांगितलंस?"

"बाप रोज म्हनतो, निघून ये. कशी जाऊ आत्या? मागं दोन दिवस माहेरी राह्यले, तर हिचं शिंग मोडलं त्यानं. आता म्हनतो, गेलीस तर गाईला बाजार बी दाखवनार न्हाई, हितंच संपवीन. ती बिचारी माझ्यापायी हितं आली."

आत्याचा हात कॅनमध्येच थांबला. ती म्हणाली, "मग आदी गाय काढू."

दुसऱ्या दिवशी ती वाल्मिकच्या घरी गेली. वाल्मिक अंगणात मोटारसायकल पुसत होता. त्याची आई गोजरबाई ओट्यावर बाजरी निवडत होती. तिच्या पायाशी पांढऱ्या कानांची एक शेळी बसली होती.

"या वन्सं," गोजरबाई म्हणाली आणि पोतं अंथरलं.

"वाल्मिक, तुझी गाय बिघडली का रे?"

"बिघडली कसली, माजलीय. खाती ढीगभर आन् देती वाटीभर."

"मग मला दे अर्धलीनं."

अर्धली म्हणजे निम्म्या वाट्यानं पाळायला देणं. जनावर मालकाचंच राहतं. चारापाणी पाळणाऱ्याचं, दूधही त्याचंच, आणि व्यायल्यावर वासरात दोघांचा निम्मा वाटा. गाय तेव्हा पाच महिन्यांची गाभण होती. वैरण वाचेल आणि वासरात वाटाही मिळेल, हे वाल्मिकला पटकन उमगलं.

"न्या. पर मधीच आनून बांधायची न्हाई."

"न्हाई बांधत."

इकडे जनावरवाल्यांमध्ये दाव्याला फार मान असतो. विकलेल्या जनावराचं दावं मालक काढून घरी ठेवतो. अर्धलीनं दिलेलं जनावर दाव्यासकट जातं, कारण मालकी बदललेली नसते, आणि ते दावं मालकानं आपल्या हातानं द्यायचं असतं.

"वहिनी, गाय सुनंच्या माहेरची," आत्या म्हणाली. "दावं तिच्याच हातून द्या."

गोजरबाईनं सूप खाली ठेवलं आणि आत्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग दाराकडे तोंड करून म्हणाली, "दे गं."

दिपालीनं दावं सोडून आत्याच्या हातात दिलं. वाल्मिक मोटारसायकलचा आरसा पुसत होता.

आत्या खुशीत घरी आली. दुसऱ्या दिवशी सहाला शटर वर गेलं, सगळे येऊन गेले, दिपाली आली नाही. तेव्हा कुठं आपण काय करून बसलो हे आत्याला कळलं. कॅन नाही, तर दिपाली घराबाहेर पडणार कशाला? दिवसातून दोनदा तिला उंबऱ्याबाहेर आणणारी एकच गोष्ट होती, आणि ती आत्यानं आपल्या हातानं सोडून आणली होती. आता तिकडे काय चाललं असेल, हे सांगायला दुधाचा आकडासुद्धा नव्हता.

इकडे टिकली आत्याच्या हाताला पान्हा सोडेना. पाठीला हात लागला की थरथरायची. कास कडक झाली. आत्यानं शेक दिला, गोंजारलं, दिपालीचं नाव घेऊन बोलली. सहा दिवस असेच गेले. सातव्या दिवशी ती पुन्हा वाल्मिकच्या अंगणात उभी राहिली.

"सून कुटं हाय, वहिनी?"

"पडून हाय," गोजरबाई खालमानेनं म्हणाली.

आत्याच्या तोंडापर्यंत शब्द आले होते. ते तिनं गिळले आणि घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "गाईची कास सुजायला लागली. तिला सुनंच्या हाताची सवय. दोन येळा धारंला पाठवा, न्हाईतर गाय बाद व्हईल. मग मी ती सांभाळून काय करू? आनून बांधते."

"बांधायची न्हाई म्हनलं ना!" वाल्मिक आतून ओरडला. "जाऊ दे तिला. धार काढून लगीच माघारी यायचं."

त्या संध्याकाळी दिपाली आली. ओठ फुटलेला होता. ती टिकलीच्या कुशीला कपाळ टेकवून बसली. गाईनं मान वळवून तिचे केस हुंगले आणि चार पाय सैल सोडून उभी राहिली. चरवीत पहिली धार वाजली तेव्हा आत्या गोठ्याच्या दाराशी उभी होती. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला.

नऊ दिवस दिपाली आली आणि परत गेली. "राहा" असं आत्या एकदाही म्हणाली नाही. तिनं फक्त मधल्या खोलीतली खाट रिकामी केली आणि तिच्यावर धुतलेली गोधडी ठेवली. दिपाली येता-जाता ती बघायची. दहाव्या दिवशी धार झाल्यावर तिनं चरवी घासून पालथी घातली, पण चपला पायात घातल्या नाहीत.

"आत्या, मी आता जात न्हाई."

"मग चहा ठेव," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी सोनईला पोलिसांत जाऊन अर्ज देऊन आल्या. तिथल्या महिला पोलिसानं दिपालीच्या दंडावरचे वळ बघून आधी दवाखान्यात नेलं. बाप न्यायला आला, तर दिपाली म्हणाली, "गाय व्यायली की तिला घिऊनच येते."

वाल्मिक आला तो तिसऱ्या दिवशी, सकाळी, केंद्रावर गर्दी असताना. केंद्राला लागूनच आत्याचं घर आणि गोठा.

"बाई ठेवून घ्या खुशाल," तो म्हणाला. "गाय माझी हाय. ती मी नेनार."

गाय गेली की बायको पाठोपाठ येणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. दिपालीलाही ते माहीत होतं. ती गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिली. वाल्मिकनं खुंट्याची गाठ सोडली. टिकली मागं सरली. दिपालीचं एक पाऊल नकळत पुढं पडलं.

"वाल्मिक, ठेव ते दावं."

गोजरबाई लेकाच्या मागोमाग चालत आली होती. तिला दम लागला होता.

"आई, तू मधी पडू नको."

"दावं कुनी दिलं हुतं?"

"आँ?"

"गाय अर्धलीनं दिली तवा दावं कुनी दिलं, ते सांग की समद्यांना. मी हुते तिथं. सुनंनं दिलं. गाय तिची."

"मी हुतो की घरचा मालक!"

"तू आरसा पुसत हुतास."

काकासाहेब मोठ्यानं हसला. बाकीचे हसले नाहीत, पण कॅन खाली ठेवून तिथंच उभे राहिले. सगळे जनावरं बाळगणारे. दाव्याचा शब्द फिरवणाऱ्याशी बाजारात कुणी व्यवहार करत नाही, हे वाल्मिकलाही कळत होतं. त्यानं दावं जमिनीवर टाकलं.

"बघून घेईन एकेकीला," तो म्हणाला.

"बघ की," आत्या म्हणाली. "सोनईच्या पोलीसबाई बी बघनार हायेत. त्यांनी तुझा नंबर घेतलाय."

तो निघून गेला. गोजरबाई मात्र बराच वेळ टिकलीच्या मोडक्या शिंगाकडे बघत उभी होती. मग तीही घरी गेली. तिला जायला दुसरं ठिकाण नव्हतं.

पंधराएक दिवसांनी सकाळी सातच्या सुमाराला ती केंद्रावर आली. हातात कॅन नव्हता. डोक्यावरचा पदर एका गालावर ओढून घेतला होता, आणि मागं दाव्याला पांढऱ्या कानांची शेळी होती.

"कशी हाय?" आत्यानं विचारलं.

गोजरबाईनं शेळीकडे पाहिलं. "वन्सं, हिला अर्धलीनं ठेवता का?"

शेळी काट्याशी येऊन आत्याच्या लुगड्याचा काठ हुंगायला लागली. आत्यानं वाकून तिच्या मानेवरून हात फिरवला.

"दावं कोन देनार?"

"मीच देनार. माझीच हाय ती."

दिपाली आतून हात पुसत आली. सासूनं दावं पुढं केलं आणि सुनेनं ते घेतलं.

"दोन्ही वक्ताला येत जावा धारंला, वहिनी," आत्या म्हणाली. "शेळी परक्या हाताला दूध देत न्हाई."