नववी मूठ

आमच्याकडे हळदीच्या दिवशी सकाळी घरातल्या मेलेल्या माणसांना बोलावल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. मांडवाच्या मेढीपाशी केळीचं पान मांडतात, तेलाचा दिवा लावतात, आणि घरातली मोठी बाई त्या पानावर एकेका मेलेल्याच्या नावाने मूठभर तांदूळ ठेवते. बाजूला धवलारीण बसलेली असते. धवलारीण म्हणजे आगरी लग्नाची गाणी म्हणणारी बाई. भटजी येतो, पण तो दुसऱ्या दिवशी येतो, आणि तोवर अर्धं लग्न हिने लावलेलं असतं. पोथी नाही, संस्कृत नाही. आधी ती गावदेवीला बोलावते, मग वेशीला, मग खाडीला. खाडीलासुद्धा. मग घरातली गेलेली माणसं.

प्रत्येक नावानंतर ती गाणं थांबवते. मांडवात कोणी बोलायचं नाही. ज्या बाईच्या हातात तांदूळ आहेत तिला तो माणूस नीट आठवला पाहिजे, आठवल्याशिवाय मूठ सोडायची नाही. मूठ सोडताना त्याला सांगायचं की आज घरात काय शिजलंय. मग गाणं पुढे जातं. आमच्या ऑफिसातल्या एक मॅडम दर वर्षी कुठेतरी डोंगरात जाऊन दहा दिवस मौन पाळून बसतात. त्यांनी मला त्याचं महत्त्व समजावलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या बायका हे गल्लीत बसून करतात, माइक लावून. त्यांना ते मस्करीत घेतलेलं वाटलं. मी मस्करी करत नव्हते.

ह्या कामाला दोन नियम आहेत. मेलेल्या एखाद्याला बोलवायचं राहिलं तर तो मांडवाबाहेर उपाशी उभा राहतो. आणि जिवंत माणसाचं नाव त्यात घ्यायचं नाही. घेतलं तर काय होतं ते कोणी सांगत नाही.

माझा भाऊ ह्या दोन नियमांच्या मध्ये अडकला होता.

तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. दहावीनंतर शाळा सोडून न्हावा शेव्याला एका यार्डात कामाला लागला, आणि सुट्टीच्या दिवशी करावे गावाच्या मागे खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायला जायचा. मी कॉलेजला गेले, घरातली पहिली. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. एका सुट्टीच्या दिवशी तो ओहोटीला होडी घेऊन गेला आणि भरतीला आला नाही. तिसऱ्या दिवशी होडी तिवरांच्या झाडांत अडकलेली मिळाली. तिच्यात डबा होता, उघडलेला, भाकरी अर्धी खाल्लेली. तो नव्हता. गावातल्या लोकांनी खाडी पालथी घातली, पोलिसांनी पंचनामा केला. अंग मिळालं नाही. अंग नाही म्हणून दहन नाही, दहावं नाही, तेरावं नाही. आई म्हणाली, "मिलल तवा बघू." त्यानंतर त्या विषयावर ती काही बोललीच नाही. दोन वर्षांनी बाबा गेले. त्यांचं सगळं रीतसर झालं.

आता जे सांगणार आहे ते मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. आमचं गावठाणातलं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं तेव्हा वारसांच्या सह्या लागल्या. भावाची सही कुठून आणणार? सात वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर कोर्ट त्याला मयत धरतं. हे मला माहीत होतं, कारण घरात कागद कळणारी मीच. वकील मी शोधला, अर्ज मी केला. आईची सही लागणार होती. मी तिला म्हटलं, "घराचे कागद आहेत." खोटं नव्हतं ते. ती नोटरीच्या टेबलाशी बसली, मी समोरच्या दुकानात झेरॉक्स काढायला गेले, परत आले तर तिची सही झालेली होती. वाटेत तिने उसाचा रस मागितला. आम्ही दोघी प्यायलो. वर्षभराने निकाल लागला आणि माझा भाऊ कागदावर मेला. तो कागद मी ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये ठेवला, घरी नेला नाही.

माझं लग्न ठरलं ते मी तीस वर्षांची असताना. शिरवण्याची म्हातारी धवलारीण ठरवली. मी लहान असल्यापासून आमच्या गावच्या लग्नांत तीच गायची, तिला सगळे आजीच म्हणतात. चार दिवस आधी तिने फोन केला, "बाय, तुमच्या घरची कोन कोन हायत ती सांगून ठेव. मागच्या लग्नात यक म्हातारा राह्यला, तं त्यांची जेवनावल आंबली." मी म्हटलं, "आजी, यादी करून देते."

यादी करणं हे माझं कामच आहे. आम्ही जहाजातून येणाऱ्या मालाचे कागद करतो. आत काय आहे ते ओळीने लिहायचं, एकही जागा रिकामी सोडायची नाही. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घराण्यातली आठ नावं लिहिली, पणजोबांपासून बाबांपर्यंत. मग नववं लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. दुसऱ्या नियमाचं काय, असं मनात आलं, पण ड्रॉवरमध्ये कोर्टाचा कागद होता. तो बाहेर उपाशी उभा राहील, हे जास्त खरं वाटलं. माझा हिशोब असा होता की आजी नावं गाण्यात गुंफून घेईल, गाण्यात ओढलेलं नाव पटकन कळत नाही, आई अजून बाबांच्याच आठवणीत असेल, आणि एक मूठ जास्त पडेल. तिला कळलं तरी तोवर झालेलं असेल. प्रिंट काढून मी तो कागद आजीकडे पोचवला.

आजीला वाचता येत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. इतकं शिकून मी हे विसरले.

हळदीच्या सकाळी पान मांडलं, दिवा लावला. आई सूप घेऊन बसली. मी पिवळ्या साडीत तिच्या मागे. गल्लीत वीसेक बायका, कडेला मटणाची टोपं चढलेली. आजीने देवांना बोलावलं, खाडीला बोलावलं, मग पिशवीतून माझी यादी काढली आणि शेजारी बसलेल्या माझ्या काकूच्या हातात दिली. "वाच गो. माइक तोंडाजवल धर, मना ऐकू येत नाय."

काकू वाचू लागली. पणजोबा. गाणं थांबलं. आईने मूठ भरली, थोडं थांबली, सोडली. आजोबांच्या वेळी ती म्हणाली, "मामंजी, मटन हाय. हाडांचा नाय, मऊ हाय, तुमचे दात नायत ना." बायका हसल्या. बाबांच्या वेळी मूठ बराच वेळ बंद राहिली. मग ती म्हणाली, "निवट्या मिलाल्या नाय. कोलंबीवं भागवा आज." तिचा आवाज हलला नाही, पण मागून मला तिच्या मानेवरची शीर दिसत होती. काकूने डोळे पुसले, आणि पुसता पुसता पुढची ओळ वाचून गेली.

भावाचं नाव माइकवरून गल्लीत गेलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

काकूने माइक खाली केला. तिला स्वतःचाच आवाज नंतर कळला असावा. टोपाखालची लाकडं तेवढी वाजत होती. आईचा हात सुपात होता, तांदळात. तो तिथेच राहिला.

"कोनी लिवला ह्यो?" तिने विचारलं. मागे न बघता.

"मी," मी म्हटलं.

"बाय," आजी आईला म्हणाली, "मना ठाव नव्हता. मी नाय घेनार नाव."

"पन वाचला ना."

"वाचला."

"माइकवं."

"हां."

मग आई माझ्याकडे वळली. मला वाटलं ओरडेल. "कोर्टाचा कागद झाला ना मागच," ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"त्या टेबलावरच्या मानसानं. 'मावशी, सही करायच्या आदी वाचून दाखवतो,' बोलला. तू झेराक्सला जेलेली. मुलगा मयत समजन्यात यावा, असा वाचला त्यानं. मी सही केली. घर पायजेल व्हता." तिने सुपातला हात काढून तांदूळ झटकले. "कागदावं मेला तं मेला, बाय. कागदाला काय. ह्या पानावं मी त्याला मारला नाय."

काकू म्हणाली, "वयनी, ऱ्हावदे. नाव चुकून आला असा धरू. आजी, पुढं म्हना."

आजीने मान हलवली. "चुकून बोलावला तरी बोलावलाच. तो आयला असंल आता. रिकामा कसा धाडू?" मग तिने हळूच आईचा गुडघा दाबला. "तुझा हात नसंल तं नसूं दे. पन कोनीतरी घाला."

आईने सूप उचललं, बाजूला सरकून मला पानापुढे घेतलं आणि सूप माझ्या मांडीवर ठेवलं. "ज्यानं लिवला त्यानं घालायचा."

नवरी हे करत नाही. तिची हळद व्हायची असते, ती त्या दिवशी ह्या सगळ्यापासून लांब बसते. कोणीतरी मागून तसं म्हणालंही. आजीने हात वर करून त्या बाईला गप्प केलं.

मी तांदूळ घेतले. अर्ज मी एका बैठकीत भरला होता. निकालाची प्रत घेताना मी तारीख, शिक्का सगळं नीट तपासलं होतं. आता मूठ बंद करून बसले आणि माझ्या लक्षात आलं की मला त्याचा आवाज आठवत नाही. खूप शोधला. तो मला कॉलेजवरून चिडवायचा, "मॅनेजर" म्हणायचा, शब्द आठवत होता, पण त्यात त्याचा आवाज नव्हता. चेहरा आठवू गेले तर पोलिसांना दिलेला फोटो समोर यायचा. नियम सोपा आहे, आठवल्याशिवाय सोडायची नाही, आणि मी अकरा वर्षं तो माणूस कागदांतच पाहिला होता. तळहाताला घाम आला, तांदूळ चिकटले. गल्लीच्या टोकाला साउंडवाल्याने गाणं लावलं आणि कोणीतरी धावत जाऊन ते बंद केलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. कोणी घाई केली नाही.

मग टाचा आठवल्या. खाडीवरून आला की पाय चिखलाने भरलेले असायचे, आणि पाय धुवायला मोरीपर्यंत जायचं म्हणजे घरातून जावं लागायचं. लादी खराब होऊ नये म्हणून तो चवडे वर करून, नुसत्या टाचांवर चालत जायचा, हात पसरून, बदकासारखा. तरी दारापासून मोरीपर्यंत काळे गोल ठसे उमटायचे. आई फडकं घेऊन मागे, शिव्या देत. तो मुद्दाम आणखी एक फेरी मारायचा.

मला तिथे हसू आलं. नवरीच्या साडीत, त्या पानासमोर. हसता हसता मी मूठ सोडली.

"काय शिजलाय ते सांग," आजी म्हणाली.

"दादा," मी म्हटलं, "मटन हाय. भाकरी हाय."

"पाय धू आदी," आई शेजारून म्हणाली. त्याला.

आजीने गाणं उचललं. त्यात ती मेलेल्याला त्याचं वय देते, तो गेला तेव्हाचं. चोवीस वर्षांचा, ती म्हणाली, नवरीचा भाऊ, करवल्याचा मान असलेला. मी त्याच्याहून मोठी झाले आहे, हे मला त्या ओळीवर कळलं. नंतर बायकांनी मला हळद लावली. आईला लावायला गेल्या तेव्हा ती रडत होती, मोठ्याने, तोंड उघडं ठेवून. अकरा वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. त्यांनी रडत्या गालांवरच हळद लावली. थांबल्या नाहीत. संध्याकाळी ती आणि काकू पानावरचे तांदूळ खाडीत सोडून आल्या, आणि दुसऱ्या दिवशी माझं लग्न लागलं. त्या दिवसाबद्दल आई मला चांगलं किंवा वाईट काही बोलली नाही.

मागच्या थंडीत ती उलव्याला माझ्या फ्लॅटवर राहायला आली होती. दुपारी आम्ही किचनच्या लादीवर बसून चिंबोऱ्या साफ करत होतो. मध्येच ती म्हणाली, "आता नाय येत तो."

"कोण?"

"पयला सपनात यायचा. म्हयन्यातना येक दोनदा. दारात उभा ऱ्हायचा. आत ये बोलली तं नाय यायचा, पन उभा ऱ्हायचा. तुझ्या हलदीनंतर नाय आला."

हे तिने मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "मग चांगलं झालं ना, आई. जेवून गेला."

तिने नांगा तोडला, पाण्यात टाकला. "चांगलाच झाला. पन मी येकटी पडली गो."

मी पाणी बदलायला उठले. बसले तेव्हा तिने विचारलं, "तो कोर्टाचा कागद रद व्हतो काय?"

"होतो," मी म्हटलं. मला हे सगळं पाठ आहे. "अर्ज करावा लागतो. पण त्यासाठी माणसाने स्वतः कोर्टात हजर व्हावं लागतं."

"सोता," ती म्हणाली.

"हो. ओळखीचा पुरावा घेऊन."

"बरं," आई म्हणाली, आणि तिने पुढची चिंबोरी उचलली.